सर्दी-खाजेची गोळी आणि दुसऱ्या दिवशीची गुंगी: कारणे, धोके आणि उपाय

रात्री शिंका थांबाव्यात किंवा अंगाची खाज कमी व्हावी म्हणून एक छोटीशी गोळी घेतली जाते. झोप गाढ लागते. पण सकाळी डोळे उघडत नाहीत, डोके जड वाटते, तोंड कोरडे पडते आणि दुपारपर्यंत कशातच लक्ष लागत नाही. ही सुस्ती सर्दीची आहे असे समजून अनेक जण संध्याकाळी तीच गोळी पुन्हा घेतात. प्रत्यक्षात बऱ्याचदा ती सुस्ती गोळीचीच असते.

अ‍ॅलर्जीवरील या औषधांना अँटीहिस्टामिन म्हणतात. सर्दी, शिंका, नाक गळणे, अंगावर पित्त उठणे, कीटकदंश, त्वचेची खाज अशा अनेक तक्रारींवर ती दिली जातात. त्यांतील जुन्या पिढीची औषधे हमखास गुंगी आणतात, तर नव्या पिढीची बरीच औषधे आणत नाहीत. हा फरक माहीत असेल, तर दुसऱ्या दिवशीचा त्रास बहुतेक वेळा टाळता येतो.

नांदेड-लातूर भागात हा प्रश्न महत्त्वाचा का?

या दोन्ही जिल्ह्यांत नाक आणि त्वचा यांना त्रास देणाऱ्या गोष्टींची कमी नाही. ऑक्टोबरमध्ये सोयाबीनची मळणी सुरू होते, त्यानंतर तुरीच्या राशी होतात. लातूरची बाजार समिती आणि डाळ मिल, नांदेडचा हळदीचा बाजार येथे हमाल, मापाडी आणि कामगार दिवसभर धुळीत काम करतात. सोयाबीनची धूळ ही साधी धूळ नाही. स्पेनमधील बार्सिलोना शहरात १९८० च्या दशकात अचानक येणाऱ्या दम्याच्या साथींचे मूळ शोधले गेले, तेव्हा ते बंदरात सोयाबीन उतरवताना उडणाऱ्या धुळीत सापडले.

त्यात बांधावर आणि पडीक जमिनीवर माजणाऱ्या गाजर गवताची भर पडते. १९५० च्या दशकात पुण्यात प्रथम नोंदवले गेलेले हे गवत, म्हणजेच काँग्रेस गवत, आज मराठवाड्यात सर्वत्र दिसते. त्याच्या संपर्काने चेहरा, मान आणि हातांच्या उघड्या भागावर खाजरा इसब होतो, तर परागकणांनी शिंका सुरू होतात.

दुसरीकडे, गुंगी अजिबात परवडणार नाही अशी कामेही इथे भरपूर आहेत. मळणी यंत्रात हात घालून काम करणारा मजूर, कडबा कुट्टी चालवणारा शेतकरी, नांदेड-लोहा-अहमदपूर-चाकूर-लातूर या राष्ट्रीय महामार्ग ३६१ वरून मालट्रक नेणारा चालक, रात्रभर पुण्याकडे ट्रॅव्हल्स चालवणारा चालक आणि शिकवणीसाठी बाहेरगावहून येऊन खोली करून राहिलेला नीटचा विद्यार्थी, या सर्वांना दुसऱ्या दिवशीची गुंगी महागात पडू शकते.

गोळीने झोप का येते?

अ‍ॅलर्जी झाली की शरीरातील काही पेशी हिस्टामिन नावाचे रसायन सोडतात. ते नाकातील, डोळ्यांतील आणि त्वचेतील एच-१ नावाच्या ग्राहींना जाऊन चिकटते. त्यामुळे शिंका, पाणी, सूज आणि खाज सुरू होते. अँटीहिस्टामिन औषध या ग्राहींची जागा अडवते आणि लक्षणे कमी होतात.

अडचण अशी की हिस्टामिनचे आणखी एक काम आहे. मेंदूच्या हायपोथॅलॅमस या भागातील काही चेतापेशी हिस्टामिनचा वापर करून माणसाला जागे आणि सावध ठेवतात. जुन्या पिढीची औषधे रक्तातून मेंदूत सहज शिरतात आणि तिथल्याही एच-१ ग्राहींना अडवतात. म्हणजे नाक गळणे बंद करताना मेंदूतील जागे ठेवणारी यंत्रणाही मंदावते. नव्या पिढीची औषधे मेंदूत फार कमी शिरतात किंवा शिरताच बाहेर ढकलली जातात, म्हणून त्यांनी गुंगी कमी येते.

जुन्या औषधांचा दुसराही एक परिणाम असतो. ती अ‍ॅसिटिलकोलिन या रसायनाचे कामही अडवतात. तोंड कोरडे पडणे, बद्धकोष्ठता, धूसर दिसणे, लघवी अडकणे आणि वयस्करांमध्ये होणारा गोंधळ हे त्याचेच परिणाम आहेत.

रात्रीची गोळी सकाळपर्यंत का टिकते?

शरीरातील औषधाचे प्रमाण निम्मे होण्यास लागणाऱ्या काळाला अर्धायुष्य म्हणतात. सर्दीच्या बहुतेक मिश्र गोळ्यांत असणाऱ्या क्लोरफेनिरामिनचे प्रौढांमधील अर्धायुष्य सुमारे २० तास आहे. रात्री १० वाजता घेतलेल्या गोळीचा जवळपास निम्मा भाग दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ६ वाजताही शरीरात असतो. त्याच रात्री पुन्हा गोळी घेतली, तर नवा डोस जुन्या शिलकीत मिळतो. रोज रात्री एक गोळी असे चालू ठेवल्यास काही दिवसांत शरीरातील प्रमाण पहिल्या दिवसाच्या सुमारे पावणेदोन पट होते.

खाजेसाठी दिल्या जाणाऱ्या हायड्रॉक्सिझिनचे अर्धायुष्यही प्रौढांत सुमारे २० तास असते आणि वृद्धांमध्ये ते २९ तासांपर्यंत वाढते. डायफेनहायड्रॅमिनचे अर्धायुष्य तरुणांत सुमारे ९ तास असले, तरी तेवढ्यानेही सकाळ मोकळी होत नाही. जपानमधील संशोधकांनी रात्री ११ वाजता ५० मिलिग्रॅम डायफेनहायड्रॅमिन घेतलेल्या निरोगी तरुणांच्या मेंदूचे दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुमारास स्कॅन केले. हा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. गोळी घेऊन बारा तास झाल्यानंतरही मेंदूतील सुमारे ४५ टक्के एच-१ ग्राही औषधाने अडवलेले होते.

मात्र केवळ अर्धायुष्यावरून गुंगी ठरत नाही. फेक्सोफेनाडिनचे अर्धायुष्य सुमारे १४ तास असूनही ते मेंदूत जवळपास शिरत नाही, म्हणून त्याने सहसा गुंगी येत नाही. औषध शरीरात किती वेळ राहते आणि मेंदूत किती जाते, या दोन्ही गोष्टी मिळून दुसरा दिवस कसा जाणार हे ठरते.

कोणत्या औषधाने किती गुंगी येते?

जास्त गुंगी आणणारी: क्लोरफेनिरामिन (सर्दीच्या असंख्य मिश्र गोळ्या आणि सिरप), फेनिरामिन (एव्हिल), प्रोमेथाझिन (फेनर्गन, तसेच गाडी लागू नये म्हणून घेतली जाणारी अ‍ॅव्होमिन), हायड्रॉक्सिझिन (अटारॅक्स), डायफेनहायड्रॅमिन (खोकल्याची काही औषधे).

मधली: सेट्रिझिन आणि लिव्होसेट्रिझिन. ही नव्या पिढीची असली तरी काही जणांना गुंगी आणतात. सेट्रिझिन १० मिलिग्रॅमच्या चाचण्यांत १०० पैकी सुमारे १४ जणांना झोपाळूपणा जाणवला, तर औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण ६ होते. लिव्होसेट्रिझिन आणि मॉन्टेलुकास्ट यांच्या जोडगोळीने येणारी झोप बहुधा लिव्होसेट्रिझिनची असते.

नेहमीच्या मात्रेत सहसा गुंगी न आणणारी: फेक्सोफेनाडिन (अ‍ॅलेग्रा), लोराटाडिन, बिलास्टिन.

गोळीच्या पट्टीवर काय पाहावे?

मोठ्या अक्षरांतले नाव हे कंपनीचे असते. खरी माहिती त्याखालच्या बारीक अक्षरांत असते. सर्दीच्या मिश्र गोळीत सहसा तीन घटक दिसतात: ताप-अंगदुखीसाठी पॅरासिटामॉल, नाक मोकळे होण्यासाठी फिनिलेफ्रिन आणि शिंकांसाठी क्लोरफेनिरामिन किंवा सेट्रिझिन. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर किंवा दुकानदाराच्या बोलण्यात क्लोरफेनिरामिनचा उल्लेख अनेकदा नुसता ‘सीपीएम’ असा येतो.

इथे एक चूक वारंवार होते. सर्दीची गोळी आणि खोकल्याचे सिरप एकत्र घेतले जाते आणि दोन्हींत क्लोरफेनिरामिन असते. त्यावर अंगावर पित्त उठले म्हणून एव्हिल घेतली, की एकाच प्रकारचे औषध तीन वाटांनी पोटात जाते. दोन औषधे घेण्यापूर्वी दोन्हींचे घटक शेजारी ठेवून पाहावेत. इंग्रजी वाचता येत नसेल तर दुकानातच ‘या दोन्हींत झोपेचे औषध आहे का?’ असे सरळ विचारावे.

‘मला काही होत नाही’ हा समज

गुंगी आणि क्षमता कमी होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माणसाला झोप आल्यासारखे वाटत नसले, तरी त्याची प्रतिक्रिया मंदावलेली असू शकते. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात वाहन चालवण्याच्या आभासी यंत्रावर ४० जणांची चाचणी घेण्यात आली आणि तिचे निष्कर्ष २००० मध्ये प्रसिद्ध झाले. डायफेनहायड्रॅमिन घेतलेल्यांचे वाहनावरील नियंत्रण मद्य घेतलेल्या अवस्थेपेक्षाही वाईट ठरले. फेक्सोफेनाडिन घेतल्यावर मात्र ते औषध नसलेल्या गोळीइतकेच चांगले राहिले. ‘किती झोप येते आहे’ या चालकांच्या स्वतःच्या अंदाजावरून त्यांचे वाहन चालवणे किती बिघडले आहे हे नीट कळत नव्हते, ही त्यातील आणखी महत्त्वाची गोष्ट.

हिशेब साधा आहे. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढे जाते. ब्रेकवर पाय पडायला अर्धा सेकंद उशीर झाला, तर गाडी आठ मीटर पुढे गेलेली असते. अंधारात विनादिवा उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीमागे आठ मीटर हे अंतर थोडे नाही. अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने डायफेनहायड्रॅमिन घेतल्यानंतर वैमानिकांना किमान ६० तास थांबण्यास सांगितले आहे, त्यामागेही हाच विचार आहे.

नेमाने औषध घेतल्यास तीन-चार दिवसांत झोपेची जाणीव कमी होते, हे खरे. पण जाणीव कमी झाली म्हणजे सावधपणा पूर्ण परत आला असे गृहीत धरू नये.

विद्यार्थ्यांनी काय लक्षात घ्यावे?

लातूर आणि नांदेडमध्ये दरवर्षी हजारो मुले नीट आणि जेईईची तयारी करतात. गर्दीच्या खोल्या, अपुरी झोप आणि सतत वाहणारे नाक यांवर मेडिकलमधून आणलेली गोळी हा सोपा उपाय वाटतो. ब्रिटनमध्ये १५ ते १७ वर्षांच्या १,८३४ विद्यार्थ्यांवर झालेला एक अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. परीक्षेच्या काळात परागकणांच्या अ‍ॅलर्जीची लक्षणे असलेल्या मुलांची श्रेणी सराव परीक्षेच्या तुलनेत घसरण्याची शक्यता सुमारे ४० टक्क्यांनी जास्त होती. गुंगी आणणारे अँटीहिस्टामिन घेणाऱ्यांत ती सुमारे ७० टक्क्यांनी जास्त होती.

यातून दोन गोष्टी निघतात. अ‍ॅलर्जीकडे दुर्लक्ष करणे बरोबर नाही, कारण वाहते नाकही गुण कमी करते. आणि चुकीची गोळी त्यात भरच घालते. नीटची परीक्षा दुपारी असली तरी आदल्या रात्री घेतलेले क्लोरफेनिरामिन तोपर्यंत उतरलेले नसते. म्हणून परीक्षेच्या किमान दोन-तीन आठवडे आधी डॉक्टरांना भेटून गुंगी न आणणारे औषध ठरवावे, सराव परीक्षेच्या दिवशी ते घेऊन पाहावे आणि परीक्षेच्या आदल्या रात्री कोणतीही नवी गोळी घेऊ नये.

दुसऱ्या दिवशीची गुंगी टाळण्यासाठी काय करावे?

१. औषध बदलण्याबाबत विचारावे. हा सर्वांत परिणामकारक उपाय आहे. ‘गोळीने सकाळी गुंगी राहते, माझे काम गाडी चालवण्याचे आहे’ असे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. गुंगी न आणणाऱ्या गोळ्यांचे जेनेरिक प्रकार जनऔषधी केंद्रांत कमी किमतीत मिळतात.

२. वेळ पुढे-मागे करावी. गुंगी आणणारे औषध घेणे भागच असेल, तर झोपायला जाताना ११ वाजता घेण्याऐवजी ८ च्या सुमारास घेतल्यास सकाळी थोडा फरक पडतो. सेट्रिझिनसारख्या औषधाच्या बाबतीत हा बदल जास्त उपयोगी पडतो. २० तासांच्या औषधात मात्र त्याचा लाभ मर्यादित असतो.

३. पुरेशी झोप घ्यावी. गोळी घेऊन मध्यरात्री झोपणे आणि पहाटे ५ ला उठून शेतात किंवा शिकवणीला जाणे यात गुंगी दुप्पट जाणवते. गोळी घ्यायची त्या रात्री सात-आठ तास मोकळे ठेवावेत.

४. दारू, शिंदी किंवा ताडी टाळावी. मद्य आणि ही औषधे एकमेकांची गुंगी वाढवतात. झोपेच्या गोळ्या, कोडीनयुक्त खोकल्याची औषधे, ट्रामाडॉल, प्रेगाबालिन, गॅबापेंटिन आणि काही मानसिक आजारांवरील औषधे यांच्याबाबतही तसेच होते. आधीपासून सुरू असलेली औषधे डॉक्टरांना दाखवावीत.

५. घेण्याची पद्धत पाळावी. फेक्सोफेनाडिन पाण्याबरोबरच घ्यावे. संत्री किंवा सफरचंदाच्या रसाबरोबर ते कमी शोषले जाते आणि ‘गोळी चालत नाही’ असे वाटून माणूस जुन्या गोळीकडे वळतो. बिलास्टिन उपाशीपोटी घ्यायचे असते.

६. पहिला डोस सुट्टीच्या आदल्या रात्री घ्यावा. नव्या औषधाचा आपल्यावर काय परिणाम होतो, हे कळण्यासाठी दुसऱ्या दिवशी गाडी किंवा यंत्र चालवायचे नसेल अशीच वेळ निवडावी.

सकाळी गुंगी असेलच तर?

औषध लवकर उतरवणारा घरगुती उपाय नाही. भरपूर पाणी, लिंबू सरबत किंवा थंड पाण्याची आंघोळ यांनी तरतरी वाटते, पण औषध शरीरातून जलद निघून जात नाही. चहा-कॉफीने झोप काही काळ दबते, मात्र प्रतिक्रियेचा वेग पूर्ववत होईलच असे नाही. उन्हात थोडे चालणे आणि दुपारी १५ ते २० मिनिटांची डुलकी यांचा उपयोग होतो.

त्या दिवशी दुचाकी, ट्रॅक्टर, मळणी यंत्र, कडबा कुट्टी, विहिरीवरचे किंवा उंचावरचे काम दुसऱ्याकडे सोपवावे. चालकाने मालकाला तसे सांगण्यात कमीपणा मानू नये. वाहन चालवण्यास असमर्थ असताना ते चालवणे मोटार वाहन कायदा, १९८८ नुसारही गुन्हा ठरू शकते. सुस्ती म्हणजे सर्दी वाढली असे समजून दुसरी गोळी तर मुळीच घेऊ नये.

लहान मुले आणि वृद्ध

मुलांना शांत झोप लागावी म्हणून सर्दीचे सिरप देण्याची सवय धोक्याची आहे. काही मुलांमध्ये याचा उलटा परिणाम होऊन ती चिडचिडी आणि अस्वस्थ होतात. क्लोरफेनिरामिन आणि फिनिलेफ्रिन यांचे ठरावीक मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, अशी सूचना लेबलवर छापण्यास केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये सांगितले.

वृद्धांमध्ये औषध हळू बाहेर पडते. रात्री लघवीला उठताना तोल जाऊन पडणे, खुब्याचे हाड मोडणे, अचानक असंबद्ध बोलणे यांमागे कधी कधी खाजेची साधी गोळी असते. अमेरिकेतील वृद्धरोगतज्ज्ञांच्या संघटनेने वृद्धांमध्ये टाळाव्यात अशा औषधांच्या यादीत जुन्या पिढीची अँटीहिस्टामिन ठेवली आहेत. प्रोस्टेटचा त्रास किंवा काचबिंदू असणाऱ्यांनी ती विचारल्याशिवाय घेऊ नयेत. मूत्रपिंडाचा आजार असल्यास सेट्रिझिनची मात्राही कमी करावी लागते.

मुळात ही गोळी लागते का?

अनेकदा गुंगीचा प्रश्न गोळी बंद करूनच सुटतो. साध्या विषाणूजन्य सर्दीत अँटीहिस्टामिनचा फारसा उपयोग होत नाही. ती सर्दी बहुधा आठवडा-दहा दिवसांत आपोआप बरी होते. वाफ घेतल्याने बरे वाटते आणि मिठाच्या पाण्याने नाक धुतल्याने चोंदलेपण कमी होते. वर्षानुवर्षे चालणाऱ्या नाकाच्या अ‍ॅलर्जीत रोजच्या गोळीपेक्षा डॉक्टरांनी दिलेला नाकातील स्टिरॉइड स्प्रे अधिक प्रभावी ठरतो आणि त्याने गुंगी येत नाही.

घरातील दोघा-तिघांना रात्री खाज सुटत असेल, तर ती खरूज असू शकते. गोल कड असलेला चट्टा गजकर्णाचा असू शकतो. या दोन्हींवर एव्हिल किंवा सेट्रिझिन हा इलाज नाही. खाज तेवढ्यापुरती दबते आणि आजार पसरत राहतो. गाजर गवताचा त्रास असणाऱ्यांनी ते उपटताना पूर्ण बाह्या, हातमोजे आणि तोंडाला रुमाल वापरावा, किंवा ते काम शक्यतो दुसऱ्याकडे द्यावे. मळणीच्या वेळी नाका-तोंडावर घट्ट बसणारा मास्क असेल, तर संध्याकाळी गोळीची गरज बऱ्याचदा भासत नाही.

डॉक्टरांकडे कधी जावे?

दोन आठवड्यांपेक्षा जास्त काळ रोज गोळी लागत असेल, दिवसा काम करताना पेंग येत असेल, किंवा झोपेसाठी म्हणून ही गोळी घेण्याची सवय लागली असेल, तर तपासणी करून घ्यावी. नांदेडचे डॉ. शंकरराव चव्हाण आणि लातूरची विलासराव देशमुख ही शासकीय वैद्यकीय संस्था, तसेच जवळचे ग्रामीण रुग्णालय येथे सल्ला मिळतो. कित्येक महिने रोज सेट्रिझिन किंवा लिव्होसेट्रिझिन घेणाऱ्यांनी ते स्वतःहून एकदम बंद करू नये. अशा काही रुग्णांना औषध थांबवल्यावर तीव्र खाज सुटल्याचे आढळल्याने अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२५ मध्ये तसा इशारा दिला आहे.

माणूस हाक मारूनही नीट जागा होत नसेल, बरळत असेल, लघवी पूर्ण अडली असेल, छातीत फार धडधडत असेल किंवा श्वास मंद झाला असेल, तर वाट न पाहता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. लहान मुलाने गोळ्या गिळल्याची नुसती शंका असली तरी रुग्णालय गाठावे आणि गोळ्यांची रिकामी पट्टी सोबत न्यावी. ओठ किंवा जीभ सुजून श्वास घेणे कठीण होत असेल, तर ती गंभीर अ‍ॅलर्जी असते. तिथे अँटीहिस्टामिनच्या गोळीवर विसंबून राहू नये. अशा वेळी अ‍ॅड्रिनालिनचे इंजेक्शन आणि तातडीचे उपचार लागतात.

थोडक्यात

रात्री घेतलेली गोळी सकाळी संपलेली नसते. पट्टीवरील घटक वाचणे, एकाच प्रकारची दोन औषधे एकत्र न घेणे, मद्य टाळणे आणि आपले काम काय आहे ते डॉक्टरांना सांगून गुंगी न आणणारी गोळी मागून घेणे, एवढे केले तरी बहुतेकांची सकाळ मोकळी होते. आणि ज्या दिवशी डोळ्यांवर झापड असेल, त्या दिवशी गाडीची किल्ली दुसऱ्याच्या हाती द्यावी.